घानामधील दिव्यांगांचे हक्क: कायदा 2006 चा, मग अडते कुठे? (तमालेला जाण्यापूर्वी विचारते आहे)

मीनल_ओटी

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या मुलांबरोबर काम करण्यात माझी बहुतेक वर्षे गेली आहेत. घानाच्या उत्तर भागातील तमाले या शहरात एका स्थानिक संस्थेबरोबर वर्षभर काम करण्याची संधी मला आली आहे आणि जाण्याचे जवळजवळ नक्की झाले आहे.

तयारी म्हणून मी तिथला 'पर्सन्स विथ डिसॅबिलिटी ॲक्ट' वाचला. हा 2006 चा 715 क्रमांकाचा कायदा आहे. त्यात इमारती, शिक्षण, रोजगार, वाहतूक आणि आरोग्य हे सगळे विषय आले आहेत, आणि अपंग व्यक्तीला हिणवणाऱ्या नावाने हाक मारण्यासही मनाई आहे. घानाच्या 1992 च्या राज्यघटनेत 29 वे कलम तर खास अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारालाही घानाने 2012 मध्ये मान्यता दिली आहे. कागदावर पाहता एवढी तयारी फार थोड्या देशांत दिसेल, असे मला वाटले.

तरीही तिथे काम केलेल्या ज्यांच्याशी बोलले, त्या प्रत्येकाने परिस्थिती कठीण असल्याचेच सांगितले. 'गरीब देश आहे, पैसा नाही' हे कारण मला अपुरे वाटते, कारण सायकलच्या वाटेवर एक उतार करायला किंवा शाळेत प्रवेश द्यायला फारसा पैसा लागत नाही. नेमके कुठे अडते, हे तिथे राहिलेल्या किंवा त्या विषयाचा अभ्यास असलेल्या मंडळींकडून समजून घ्यायचे आहे. एखाद्या आईला मी तिच्या मुलाच्या हक्काविषयी काही सांगितले, तर ते तिला प्रत्यक्ष मिळेल असेच असावे, अशी माझी इच्छा आहे.

टेमाकर

मीनलताई, मी टेमा बंदराजवळच्या एका कारखान्यात बरीच वर्षे नोकरी केली. माझी पत्नी लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअर वापरते. त्यामुळे तुम्ही जे विचारता आहात, ते आम्ही रोज घराबाहेर पडताना पाहिले आहे.

राजधानी अक्रा आणि टेमा या दोन्ही शहरांत बहुतेक रस्त्यांच्या दोन्ही कडांना उघडी गटारे आहेत. ती चांगली खोल आणि सिमेंटने बांधलेली असतात, आणि प्रत्येक दुकानाने आपल्या दारासमोर त्यावर एखादी फळी, लाद्या किंवा लोखंडी जाळी टाकलेली असते. चालणारा माणूस ती एका ढांगेत ओलांडतो. व्हीलचेअरचे पुढचे छोटे चाक मात्र फळ्यांच्या फटीत अडकते, आणि फळी अरुंद असेल तर खुर्ची उचलूनच न्यावी लागते. आमच्या घराजवळच्या एका औषधाच्या दुकानाला आत जायला चांगला रुंद रॅम्प होता, पण तो गटाराच्या पलीकडून सुरू होत असे. रॅम्प बांधणाऱ्याने आपली जबाबदारी पार पाडली होती, गटार ही त्याची जबाबदारी नव्हती, आणि रस्ता व दार यांच्यामधली ती दोन फूट जागा कोणाचीच नव्हती. तुमच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी त्या दोन फुटांत आहे, असे मला वाटते.

प्रवासाचेही तसेच आहे. शहरातली सर्वसामान्य वाहतूक ट्रोट्रोवर चालते. या खासगी मिनीबस असतात, दारात 'मेट' म्हणजे वाहक उभा राहून ठिकाणांची नावे पुकारत असतो आणि गाडी थांबते ती क्षणभरच. पायरी उंच, आसने दाटीवाटीची, त्यामुळे व्हीलचेअर घ्यायची म्हणजे दोन-तीन प्रवाशांची जागा जाते आणि मेट तेवढे भाडे मागतो. अनेक जण भाडे न घेताच मदत करतात, हेही सांगायला हवे. अनोळखी माणसांनी पत्नीला जेवढ्या सहजतेने हात दिला, तेवढा आपल्याकडे क्वचितच मिळाला. पण तिचे म्हणणे असे की रोज चार माणसांच्या चांगुलपणावर ऑफिसला जाता येत नाही, आणि ते मला पटते.

तुमच्यासाठी एक चांगली गोष्ट म्हणजे तमालेमध्ये आपल्याकडच्यासारख्या तीनचाकी रिक्षा भरपूर आहेत, त्यांत बजाजच्याही आहेत. रिक्षाची पायरी ट्रोट्रोपेक्षा पुष्कळ खाली असते. मुलाला उचलून बसवणे आणि घडीची खुर्ची मागे ठेवणे तिथे जमते. उपचारासाठी येणाऱ्या कुटुंबांचा प्रवासखर्च तुमच्या संस्थेने धरला आहे का, हे जाण्याआधीच विचारून घ्या. माझ्या अनुभवाप्रमाणे आईने मुलाला उपचारासाठी आणणे थांबवले, तर त्याचे पहिले कारण श्रद्धा-अंधश्रद्धा नसून भाडे असते.

वऱ्हाडी_वकील

मी अपंग हक्कांच्या कायद्यांचा तौलनिक अभ्यास करतो, म्हणून फक्त कायद्याच्या बाजूने लिहितो. टेमाकरांनी सांगितलेली दोन फूट जागा कायद्यातही आहे.

715 क्रमांकाच्या कायद्याने सार्वजनिक वापराच्या जुन्या इमारती सुगम करण्यासाठी मालकांना दहा वर्षांची मुदत दिली होती. ती 2016 मध्ये संपली. सुगमतेची मानके मुदत संपण्याच्या सुमारासच आली आणि राष्ट्रीय इमारत संहिता 2018 मध्ये, म्हणजे रॅम्पचा उतार किती असावा हे ठरेपर्यंत रॅम्प बांधण्याची मुदत उलटून गेली. मुदत संपल्यावर कोणत्या कार्यालयाने पाहणी करायची, कोणी नोटीस द्यायची आणि नकाशा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने काय तपासायचे, हे सांगणारी नियमावली मूळ कायद्याच्या पाठोपाठ यायला हवी होती. कायदा होऊन दीड दशक उलटले तरी ती संसदेसमोरून मंजूर होऊन आली नाही. कायद्याने राष्ट्रीय अपंग परिषद निर्माण केली, परंतु ती प्रत्यक्ष स्थापन व्हायला 2009 उजाडले, आणि तिचे काम धोरण सुचवण्याचे व समन्वयाचे आहे. ती दंड आकारू शकत नाही. दंडासाठी फौजदारी न्यायालयात जावे लागते आणि तिथे कमाल दंड 50 दंड-एकके, म्हणजे 600 सेडी (घानाचे चलन), किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एखाद्या बँकेला शाखेच्या दाराशी रॅम्प बांधण्यापेक्षा हा दंड भरणे स्वस्त पडेल.

आणखी एक उणीव मला जास्त गंभीर वाटते. हा कायदा संयुक्त राष्ट्रांच्या करारापूर्वी काही महिने तयार झाला, त्यामुळे त्याची भाषा कल्याणाची आणि सोयीसवलतींची आहे. अपंग स्त्रियांच्या वेगळ्या प्रश्नांना त्यात जवळजवळ जागाच नाही. कायद्याच्या दुरुस्तीची मागणी अपंग संघटनांनी कित्येक वर्षे लावून धरली आहे.

मीनलताई, तुमच्या कामाशी थेट जोडलेले कलम शिक्षणाचे आहे. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मात्र शिक्षण, आरोग्य आणि समाजकल्याण या खात्यांनी मिळून केलेल्या मूल्यमापनात मुलाला विशेष शाळेचीच स्पष्ट गरज आहे असे ठरले, तर तो अपवाद आहे. व्यवहारात मुख्याध्यापक 'याला विशेष शाळेत न्या' असे तोंडी सांगतात आणि मूल्यमापन झालेलेच नसते. तेव्हा आईला एकच वाक्य शिकवा: 'मूल्यमापनाचा कागद दाखवा.' कागद नसेल तर नकार बेकायदा आहे. तक्रारीसाठी मानवाधिकार आणि प्रशासकीय न्याय आयोग आहे, ज्याला तिथे सगळे 'श्राज' या लघुनावाने ओळखतात. त्याची कार्यालये राजधानीबाहेरही आहेत आणि तिथे तक्रार नोंदवायला शुल्क किंवा वकील लागत नाही.

यावरून आपण भारतीयांनी समाधान मानण्याचे कारण नाही. आपल्या 2016 च्या कायद्याखालील नियम 2017 मध्ये आले, जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी पाच वर्षांची मुदत ठरली, तीही उलटून गेली, आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सुगमतेचा मूळ नियमच कायद्याशी विसंगत ठरवावा लागला, कारण त्यात बंधनकारक असे काही उरले नव्हते.

मीनल_ओटी

दोघांचेही मनापासून आभार. मूल्यमापनाच्या कागदाची गोष्ट मी वहीत लिहून घेतली आहे. आता निधीविषयी विचारते. जिल्हा पातळीवर अपंगांसाठी राखीव 3 टक्के निधी असतो, असे संस्थेच्या पत्रात लिहिले आहे. एखाद्या मुलाच्या बसण्याच्या खुर्चीसाठी किंवा उभे राहण्याच्या चौकटीसाठी तो वापरता येतो का?

सावित्री_जोशी_तिवसा

मी ग्रामीण विकासाच्या क्षेत्रात काम केले आहे आणि त्यानिमित्ताने घानाच्या जिल्हा सभांचे (तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांचे) कामकाज जवळून पाहिले आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर 'येतो' असे आहे. सहायक साधने हा या निधीचा मान्य उद्देश आहे, त्याशिवाय उत्पन्नाचे साधन, शिक्षण आणि अपंग संघटनांची बांधणी हेही उद्देश आहेत.

आधी पैसा किती, ते पाहू. घानाच्या घटनेच्या 252 व्या कलमानुसार राष्ट्रीय महसुलातला किमान 5 टक्के वाटा 'जिल्हा सभा सामायिक निधी' म्हणून जिल्ह्यांना जातो. त्यातला पूर्वी 2 टक्के आणि नंतर 3 टक्के भाग अपंग व्यक्तींसाठी ठेवलेला आहे. किमान पातळीवर हिशेब केला तर तो राष्ट्रीय महसुलाच्या 0.15 टक्के होतो. 2021 च्या जनगणनेत पाच वर्षांवरील लोकसंख्येपैकी सुमारे 8 टक्के लोकांनी पाहणे, ऐकणे, चालणे अशा कुठल्या ना कुठल्या बाबतीत कमीअधिक अडचण नोंदवली आहे. शिवाय सामायिक निधी जिल्ह्यांना उशिरा आणि हप्त्याहप्त्याने पोचतो, त्यामुळे अपंगांचा वाटाही तसाच अडखळत येतो.

रकमेपेक्षा वाटपाची रीत अधिक त्रासदायक आहे. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात द्यायचा असतो, समितीत अपंग संघटनांचा प्रतिनिधी असतो आणि वाटप मुख्यतः वस्तूंच्या रूपात होते. डीप फ्रीझर, शिलाई मशीन अशा वस्तू एकदम खरेदी केल्या जातात आणि समारंभ करून दिल्या जातात. एका जिल्ह्यात मी एका अंध बाईंच्या घरी असा फ्रीझर पाहिला. थंड पाण्याच्या पिशव्या विकण्यासाठी तो त्यांना मिळाला होता. विजेचे बिल परवडत नसल्यामुळे तो बंद होता, आणि त्यांनी त्यात मक्याचे पीठ उंदरांपासून सुरक्षित ठेवले होते. त्यांनी अर्जात शेळ्या मागितल्या होत्या. गावात शेळ्या पाळण्याचा त्यांचा अनुभव होता आणि त्यांची मुलगी त्या चारायला नेऊ शकली असती. पण त्या वर्षीच्या खरेदीच्या यादीत फ्रीझर होते.

म्हणून तुम्ही मुलांच्या खुर्च्यांसाठी अर्ज कराल, तेव्हा त्यासोबत मुलाची मोजमापे, स्थानिक सुताराचे दरपत्रक आणि तुमच्या सहीचा तपासणी अहवाल जोडा. मापाची खुर्ची एकगठ्ठा खरेदीच्या यादीत बसत नाही, हे समितीला लेखी दिसले पाहिजे. अर्ज आईच्या एकटीच्या नावाने न देता तिला स्थानिक अपंग संघटनेचे सभासद करून घ्या आणि संघटनेमार्फत द्या, कारण समितीत बसणारा प्रतिनिधी त्याच संघटनेचा असतो.

आपल्या महाराष्ट्रातही ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव आहे. तोही अनेक ठिकाणी वर्षअखेरीस घाईघाईने वस्तूंवर खर्ची पडतो, हे या विषयात काम करणाऱ्यांना माहीत आहे. दोन्हीकडे जिथे संघटनेचे लोक अंदाजपत्रकाच्या वेळीच सभागृहात जाऊन बसतात, तिथे चित्र वेगळे दिसते.

याखेरीज 2008 पासून 'लीप' नावाची रोख मदतीची योजना आहे. अत्यंत गरीब कुटुंबात तीव्र अपंगत्व असलेली व्यक्ती असेल तर ते कुटुंब पात्र ठरू शकते, आणि लीपमधल्या कुटुंबांना राष्ट्रीय आरोग्य विम्याची वर्गणी माफ असते. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक आईला विम्याच्या कार्डाविषयी पहिल्याच भेटीत विचारा.

खुणांची_शाळा

मी कर्णबधिर मुलांची शिक्षिका आहे. मीनलताईंचे क्षेत्र वेगळे असले तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण घानाविषयी बोलताना नेहमी काय नाही याचीच यादी होते.

1957 मध्ये अँड्र्यू फॉस्टर हे स्वतः कर्णबधिर असलेले आफ्रिकन-अमेरिकन धर्मप्रचारक अक्रामध्ये आले आणि त्यांनी तिथे कर्णबधिरांची शाळा सुरू केली. पुढे ती माम्पोंग-अक्वापेम येथे गेली. आजची घानाची सांकेतिक भाषा त्या परंपरेतून, अमेरिकन सांकेतिक भाषेच्या पायावर वाढली. पण तिच्याही आधीपासून पूर्व प्रांतातल्या अदामोरोबे या गावात आनुवंशिक बहिरेपणामुळे कर्णबधिरांचे प्रमाण मोठे आहे आणि त्या गावाची स्वतःची सांकेतिक भाषा आहे, जी ऐकू येणारे गावकरीही वापरतात. शेतात, बाजारात, भांडणात आणि लग्नाच्या बोलणीत ती चालते. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ तिचा अभ्यास करतात. समावेशनाचे धोरण म्हणून आपण जे कागदावर लिहितो, ते त्या गावाने कोणत्याही धोरणाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या केले. आता तिथली मुले निवासी शाळेत जाऊन घानाची सांकेतिक भाषा शिकतात आणि गावाची भाषा मागे पडते आहे, याचे मला फार वाईट वाटते.

तमालेच्या उत्तरेला जवळच सावेलुगु येथे कर्णबधिरांची शाळा आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांना ऐकूही कमी येते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. सुरुवातीलाच त्या शाळेतल्या शिक्षकांची ओळख करून घ्या आणि थोड्या खुणा शिकून घ्या.

एक उदाहरण आणखी. दृष्टिहीन मतदाराला दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय गुप्त मतदान करता यावे म्हणून घानाने 2002 मध्ये स्पर्शाने वाचता येणारी मतपत्रिका-पट्टी वापरून पाहिली आणि 2004 च्या राष्ट्रीय निवडणुकीत ती आणली. मतपत्रिका त्या आवरणात सरकवायची, प्रत्येक उमेदवारासमोर एक खिडकी आणि तिच्या शेजारी बोटांना लागणाऱ्या खुणा, एवढीच तिची रचना. अंधांच्या संघटनेने निवडणूक आयोगाबरोबर बसून ते काम केले. पैशाची तेव्हाही टंचाईच होती.

वऱ्हाडी_वकील

या उदाहरणाशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्यात थोडी भर घालतो. इमारतींच्या कलमाला मालक नव्हता, मतदानाच्या कामाला निवडणूक आयोग नावाचा एक निश्चित मालक होता आणि त्याच्या दारात उभी असलेली संघटना होती. घानातल्या अपंग संघटनांचा महासंघ 1987 पासूनचा आहे आणि 2006 चा कायदा त्यांच्या चळवळीतून आला. जन्मतः एका पायात दोष असलेल्या इमॅन्युएल ओफोसू येबोआ या तरुणाने एका पायाने सायकल चालवत देशातून प्रवास केला, तोही त्याच काळात. 2013 मध्ये हेन्री सेइदू दाना हे दृष्टिहीन वकील पारंपरिक प्रमुखांशी संबंधित खात्याचे मंत्री झाले. अनेक समाजांत शारीरिक व्यंग असलेल्या माणसाला प्रमुखाच्या गादीवर बसता येत नाही, आणि नेमके तेच खाते त्यांच्याकडे आले. आयव्हर ग्रीनस्ट्रीट व्हीलचेअरवरून 2016 आणि 2020 अशा दोन्ही अध्यक्षीय निवडणुका लढले.

डॉ_संध्या

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. उत्तर घानात काम करणाऱ्या कोणालाही दोन गोष्टी ठाऊक असायला हव्यात, म्हणून थोडक्यात लिहिते.

घानातली तीनही मोठी सरकारी मनोरुग्णालये, अक्रा, पांतांग आणि अंकाफुल, दक्षिणेत किनारपट्टीच्या भागात आहेत. तमालेपासून अक्रा रस्त्याने सुमारे 600 किलोमीटर आहे. त्यामुळे आजारी माणसाला कुटुंब जवळच्या वैद्याकडे किंवा प्रार्थना शिबिरात नेते. अशा काही शिबिरांत रुग्णांना साखळीने झाडाला किंवा ओंडक्याला बांधून उपाशी ठेवले जात असल्याचे ह्यूमन राइट्स वॉचने 2012 मध्ये सविस्तर मांडले. त्याच वर्षी मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला, आणि 2017 मध्ये मानसिक आरोग्य प्राधिकरणाने न्याकुमासी येथील शिबिरातून साखळदंडातल्या 16 जणांची सुटका केली. सुटका झालेल्या माणसाला पुढे औषध, घर आणि पाठपुरावा लागतो, आणि तो भार शेवटी जिल्ह्यातल्या मानसोपचार परिचारिकेवर येतो. त्या परिचारिकांशी संबंध ठेवा, कारण त्या गावोगाव फिरतात आणि कोणत्या घरात मूल आतल्या खोलीत ठेवलेले आहे हे त्यांना ठाऊक असते.

दुसरी गोष्ट लिहिताना जड जाते. सुदूर उत्तरेच्या कासेना-नांकाना भागात व्यंगासह जन्मलेल्या काही मुलांना 'आत्म्याचे मूल' मानून मारण्याची प्रथा होती. 2013 मध्ये तिथल्या पारंपरिक नेत्यांनी ती बंद केल्याचे जाहीर केले. तुम्ही ज्यांच्यासाठी जाता आहात, ती सेरेब्रल पाल्सीची आणि मोठ्या डोक्याची बाळे याच संशयाखाली येत असत. ज्या आईवर 'तुझ्या पोटी हे आले' असा आरोप झालेला असतो, ती बाळाला उजेडात आणायला घाबरते. तिला आधी प्रश्न विचारू नका, बाळाला हातात घ्या, त्याला कसे धरायचे, कसे भरवायचे ते दाखवा. बाळाच्या घशात घास अडकायचा थांबला की घरातली सासू तुमचे ऐकू लागते, असा तिथल्या माझ्या सहकाऱ्यांचा अनुभव आहे.

मीनल_ओटी

डॉक्टर, भरवण्यापासूनच सुरुवात करावी असे मलाही वाटत होते, आता ते पक्के झाले. सावित्रीताई, संस्थेला मी आजच दोन प्रश्न पाठवले आहेत: प्रवासखर्चाची तरतूद आहे का, आणि जिल्ह्याच्या निधी समितीत सध्या अपंग संघटनेकडून कोण बसते. खुर्च्यांची मापे नोंदवण्याचा मी इथे वापरते तो तक्ता इंग्रजीत करून नेते आहे. टेमाकर, वहिनींना विचारून एक सांगाल का? खडबडीत रस्त्यावर आणि फळ्यांवर कोणती चाके टिकतात, पुढची मोठी की तीनचाकी हाताने फिरवायची सायकल?

टेमाकर

तिने लगेच सांगितले: घराबाहेर लांब जायचे असेल तर हाताने फिरवायची तीनचाकी, आणि शाळेत किंवा घरात पुढचे चाक मोठे आणि रुंद रबराचे असलेली खुर्ची. हवेच्या ट्यूबपेक्षा भरीव रबर घ्या, कारण तिथल्या काटेरी झुडपांमुळे ट्यूब सारखी पंक्चर होते. आणि जोडणी सायकलच्या सुट्या भागांनी दुरुस्त होईल अशीच घ्या. तमालेमध्ये सायकल दुरुस्तीवाले जागोजाग आहेत, व्हीलचेअरचे सुटे भाग मात्र अक्राहून मागवावे लागतात.